तरवडच आहे, टाकळा नाही
तुम्ही माळरानावरचं पिवळ्या फुलांचं झुडूप टाकळा आहे का असं विचारलंय, पण वर्णनावरून तो मला तरवड वाटतोय. टाकळा पावसाळ्यात उगवतो आणि नंतर वाळून जातो, त्याच्या पानाला पर्णिकांच्या (म्हणजे एका पानातल्या छोट्या पानांच्या) जेमतेम तीन जोड्या आणि शेंग बारीक, लांब, बाकदार. तरवड बारमाही हिरवा, खोड लाकडी, पर्णिकांच्या ८ ते १२ जोड्या, शेंग चपटी आणि कागदासारखी पातळ. तरी खात्री हवी असेल तर पानाचा देठ फांदीला जिथे जोडलाय तिथे नीट बघा, तरवडाला तिथे कानाच्या पाळीसारखी मोठी गोलसर उपपर्णं (देठाच्या बुडाशी येणारे पानासारखे भाग) असतात आणि ती गळून न पडता तशीच राहतात, या खुणेवर तो फुलं नसतानाही ओळखता येतो.

तरवडाचं बी उगवत नाही म्हणताय, तर त्याचं कवच फार टणक असतं हो, सँडपेपरवर जरासं घासा किंवा गरम पाणी ओतून रात्रभर तसंच ठेवा आणि सकाळी जे बी फुगलेलं दिसेल तेच पेरा. शक्यतो थेट जमिनीतच, कारण सोटमूळ लवकर खोल जातं आणि नंतर हलवलेलं त्याला सोसत नाही. कुंडीच असेल तर खोल घ्या, मातीत मुरूम मिसळा, पाणी साचू देऊ नका. ऊन मात्र दिवसभर पाहिजेच, सावलीत नुसता उंच वाढतो. फुलं फांद्यांच्या शेंड्यांकडे येतात, म्हणून बहर ओसरला की हलकी छाटणी करा, आणि पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तर प्लीज फवारू नका, पिवळ्या फुलपाखरांची पिल्लं असतात ती!