मदत हवी आहे: आत्याच्या धवल्यांच्या व्हिडिओत ओठ आणि आवाज जुळत नाहीत

नमस्कार मंडळी,

मी घणसोली गावातली. माझी आत्या धवलारीण, म्हणजे लग्नात विधींची गाणी, धवले, गाणारी. आमच्या आगरी लग्नात विधीगणिक धवला वेगळा, आणि आत्याला ते सगळे तोंडपाठ. लिहून ठेवलेलं काहीच नाही. हल्ली हळदीला डीजे लागतो, धवलारणीला बोलावणारी घरं कमी झालीत. म्हणून तिला येतं ते सगळं तिच्याकडून गाऊन घ्यायचं आणि नीट जपून ठेवायचं, असं मनावर घेतलंय.

चित्रीकरण फोनवर, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. लॅपटॉप जुना, रॅम ८ जीबी. हँडब्रेक (व्हिडिओ फाइल रूपांतर करायला) आणि केडेनलाइव्ह (व्हिडिओ एडिटर) टाकून घेतलंय. हेच काम गावातल्या आणखी मुलींना शिकवायचंय, त्यामुळे मोफत सॉफ्टवेअरच हवं.

मुख्य अडचण अशी: दोन्ही रेकॉर्डिंगमध्ये खुणेसाठी सुरुवातीला वाजवलेली टाळी जुळवली की शब्द ओठांवर बरोबर बसतात. पण अर्ध्या तासाने आत्याचं तोंड मिटलेलं दिसतं आणि ओळ अजून ऐकू येत असते. धवल्यात ओळीचा शेवट ओढून म्हणतात, त्यामुळे ते फारच खटकतं. मधे मधे कापून जुळवायचं नाही, धवला अखंडच राहायला हवा.

दुसरं, घरातल्या एका जुन्या लग्नाची डीव्हीडी आहे. तिच्यात आत्याबरोबर गाणाऱ्या दोघी आता हयात नाहीत. लॅपटॉपवर लावली की हात हलताना कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. जुन्या टीव्हीवर कधी दिसल्या नव्हत्या. आणि खाली देवनागरीत शब्द द्यायचेत, ते कसे?

प्रतिसाद १

ताई, फार मोलाचं काम हाती घेतलंय तुम्ही.

फोन ठरलेल्या वेगाने फ्रेम (व्हिडिओतली एकेक चित्रं) घेत नाही. उजेड कमी झाला की सेकंदाला ३० च्या जागी कमी घेतो. एडिटरला सगळ्या फ्रेम सारख्या अंतरावर लागतात, म्हणून फरक साचत जातो. आधी फाइल हँडब्रेकमधून काढा: व्हिडिओ टॅबमध्ये फ्रेमरेट ३० आणि 'कॉन्स्टंट', क्वालिटी आरएफ १८. हा आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. मग केडेनलाइव्हमध्ये फोनच्या आवाजावर 'सेट ऑडिओ रेफरन्स' आणि रेकॉर्डरच्या आवाजावर 'अलाइन ऑडिओ टू रेफरन्स'. फोनचा आवाज नंतर बंद करा. एवढं करूनही शेवटाकडे किंचित फरक राहिला तर तो दोन यंत्रांच्या घड्याळांतला. ऑडॅसिटी या मोफत आवाज-एडिटरमधल्या 'चेंज टेम्पो'ने सूर न बदलता तो काढता येतो. लॅपटॉप अडखळत असेल तर केडेनलाइव्हमध्ये प्रॉक्सी क्लिप (एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती) सुरू करा.

डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, पण प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची: एकात सम ओळी, दुसऱ्यात विषम. जुना टीव्ही ती एकामागून एक दाखवायचा, लॅपटॉप दोन्ही एकदम दाखवतो. हँडब्रेकच्या फिल्टर्समध्ये डीइंटरलेस (ही अर्धी चित्रं वेगळी करून पूर्ण फ्रेम बनवणं) 'बीडब्ल्यूडीआयएफ', प्रीसेट 'बॉब', फ्रेमरेट ५० ठेवा. हालचाल मऊ राहील. चित्र ४:३ असेल तर तसंच राहू द्या, रुंद पडद्यासाठी ताणू नका, माणसं जाडी दिसतात.

प्रतिसाद २

शब्दांसाठी केडेनलाइव्हमध्येच सबटायटल लिहा आणि एसआरटी फाइल (शब्द आणि त्यांच्या वेळा असलेली साधी फाइल) यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे देवनागरी नीट राहील अशा अक्षर-संकेतात, वेगळी जपा. मोबाइलवर पाठवायच्या प्रतीत मात्र शब्द चित्रातच उमटवून द्या. फॉन्ट मुक्ता घ्या, मोफत आहे आणि जोडाक्षरं स्वच्छ दिसतात. पाठवायच्या प्रतीला आरएफ २३ पुरे.

सगळ्यात आधी डीव्हीडी जशीच्या तशी दोन ठिकाणी उतरवून घ्या. तबकड्या काही वर्षांनी वाचता येईनाशा होतात. फोनच्या मूळ फाइलीही पुसू नका. आणि प्रत्येक फाइलीबरोबर कुठल्या विधीचा धवला, कोण गातंय, हे लिहून ठेवा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. अर्ध्या तासाची फाइल कॉन्स्टंट करून घेतली, ओठ शेवटपर्यंत जुळले. डीव्हीडीतल्या रेघाही गेल्या, बांगड्या भरलेले हात स्वच्छ दिसतात.

एक राहिलं. रेकॉर्डिंगभर पंख्याची घरघर आहे. ऑडॅसिटीच्या नॉइज रिडक्शनने ती जाते, पण ओळीच्या शेवटी आत्याने ओढलेला सूर पातळ होतो. तो सूर न जाता घरघर थोडी तरी कमी करता येते का? कोणी बायकांच्या समूहगाण्यावर हे करून पाहिलं असेल तर कृपया सेटिंग सांगा.