'घूमजाव', 'पलटी' की 'मतपरिवर्तन'?

ओवी: स्टीफन एलॉपवरच्या लेखाचा अनुवाद करतेय. सप्टेंबर २०१० मध्ये हा मायक्रोसॉफ्ट सोडून नोकियाचा प्रमुख झाला. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाच्या स्मार्टफोनसाठी मायक्रोसॉफ्टचीच विंडोज फोन ही प्रणाली निवडली. २०१३ मध्ये फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टला विकायचं ठरलं आणि त्या धंद्याबरोबर हाही परत तिकडेच गेला. अशा माणसाच्या बोलण्यावर किती विसंबायचं, म्हणजे त्याची 'विश्वासार्हता', हा लेखाचा विषय. शीर्षकात मी 'घूमजाव' लिहिलं होतं. संपादक म्हणतात 'मतपरिवर्तन' करा. मला ते फार सोवळं वाटतं.

सातारकर: 'घूमजाव' हा कवायतीचा हुकूम, हिंदीतून आलेला. चांगलं 'मतांतर' असताना तो कशाला?

कोकणकडा: एनसीसीत मी तीन वर्षं काढली, हुकूम 'पीछे मूड' असायचा. आणि हिंदीतून आला म्हणून काय झालं? माझी आजी 'घूमजाव' म्हणायची, तिला हिंदीचं एक वाक्य येत नव्हतं. 'मतांतर' म्हणजे मतभेदसुद्धा, वाचक अडखळेल.

रानजाई: 'पलटी' घ्या, पण क्रियापद जपून. ट्रक पलटी होतो, माणूस पलटी मारतो. 'मारली' म्हटलं की आरोप झाला.

पिंपळपान: ओवीताई, इथे यातला एकही शब्द बसत नाही. एलॉपने मत बदललंच कुठे? कंपनी बदलली, मत जागेवरच राहिलं. २०११ मध्येच बार्सिलोनात त्याला तोंडावर विचारलं होतं, की तू ट्रोजन घोडा, म्हणजे आत घुसलेला दुसऱ्याचा माणूस, आहेस का. तेव्हा प्रश्न निष्ठेचा होता.

माझे वडील पतसंस्थेत कर्जाचे अर्ज बघायचे. माणूस समोर बसून काय सांगतोय ते ऐकून घेत, पण बोट खातेवहीत मागच्या हप्त्यांच्या तारखांवर फिरत असे. मला हीच कसोटी खरी वाटते. हा माणूस आधी काय म्हणाला होता, तेव्हा पगार कुणाचा घेत होता, आणि पुढे घडलं काय? नोकियाचा जो धंदा घेतला त्यापायी मायक्रोसॉफ्टला २०१५ मध्ये ७.६ अब्ज डॉलर बुडीत दाखवावे लागले. 'विश्वासार्हता' काढा, 'पत' लिहा.

सातारकर: पत पैशाची असते.

पिंपळपान: गावात ज्याच्या शब्दाला पत असते, त्याच्याकडे पैसा असतोच असं नाही, सातारकरकाका.

रानजाई: 'पत' हे 'प्रत्यय'वरून आलं असावं असं मला वाटतं. प्रत्यय येतो म्हणून पत.

सातारकर: नुसत्या ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती ठरत नाही.

ओवी: 'पत' आवडला, पण शीर्षकाचं अडलंय ते अडलंयच. आणि आणखी एक. २०११ मध्ये त्याने कर्मचाऱ्यांना जे पत्र लिहिलं, त्यात उत्तर समुद्रातल्या पेटलेल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवरून गार पाण्यात उडी टाकणाऱ्या माणसाची गोष्ट आहे. प्लॅटफॉर्म म्हणजे नोकियाचे फोन ज्यावर चालत ती सिंबियन ही सॉफ्टवेअर प्रणालीसुद्धा. 'जळता फलाट' लिहिलं तर दादर स्टेशन डोळ्यासमोर येतं.

कोकणकडा: माझा मामेभाऊ बॉम्बे हायला होता. 'रिगवर चाललो' म्हणायचा. 'जळती रिग' लिहा.

रानजाई: रिग विहीर खोदते आणि पुढच्या जागी जाते, प्लॅटफॉर्म रोवलेला असतो. आणि रिग लिहिलंत तर सिंबियनचा अर्थ गेला.

कोकणकडा: तो दोन्हीला रिगच म्हणायचा.