हॅपिनेस रिपोर्टमध्ये आपण पाकिस्तानच्याही खाली? हे मोजतात तरी कसं?

संत्रानगरीवाला:
देश किती आनंदी याची दरवर्षी यादी काढणाऱ्या वर्ल्ड हॅपिनेस रिपोर्टात २०२५ ला फिनलंड लागोपाठ आठव्यांदा पहिला, नेपाळ ९२, पाकिस्तान १०९ अन् आपण १४७ देशांत ११८. सकाळी तर्री पोहे खाता खाता यावरूनच जुंपली, एक जण म्हणे हे सगळं गोऱ्यांनी बसवलेलं आहे. हिवाळाभर अंधारात राहणारे लोकं खूश अन् आपण दुःखी, हे कसं काय बाप्पा? आनंद मोजतात कायनं?

धंतोलीची_ताई:
सोपं आहे भाऊ. गॅलप नावाची सर्वेक्षण कंपनी आहे, ते बहुतेक देशांत दरवर्षी साधारण हजार जणांना विचारतात, शिडी समजा, खाली शून्य वर दहा, दहावर तुमचं चांगल्यात चांगलं आयुष्य, आज तुम्ही कोणत्या पायरीवर? तीन वर्षांची सरासरी काढली की झाली रँक. पैसा, आयुर्मान, भ्रष्टाचार वगैरे सहा मुद्दे रँकमध्ये धरतच नाहीत, फरक का पडला ते समजवायला वापरतात, बातम्यांत हेच हमखास चुकतं. मी घरी विचारून पाहिलं. सासूबाई म्हणे "देवाच्या कृपेनं आठ", अन् लगेच गुडघ्यांचं पुराण सुरू. पोरगा चांगल्या पॅकेजवर आहे, तो म्हणे चार!

बर्डीचा_बबलू:
बाजूच्या एमपीत २०१६ मध्ये सरकारी आनंद विभागच काढला, म्हणजे तिथं आनंदाचीबी फाईल अडकत असंन 😂

वर्धा_रोड:
रँकचं सोडा बे. फिनलंडकडून शिकायची गोष्ट वेगळीच आहे. १९९० च्या आसपास तिथलं आत्महत्येचं प्रमाण जगात सगळ्यात जास्त असणाऱ्यांपैकी होतं, त्याच्या आधीच त्यांनी सरकारी प्रकल्प काढून एका वर्षात झालेली देशातली एकूण एक आत्महत्या तपासली होती, घरच्यांशी बोलून, डॉक्टरांचे कागद पाहून. आता प्रमाण निम्म्याच्या आसपास आलं. आपल्याकडं यवतमाळ-वर्ध्याकडं शेतकरी गेला की चौकशी होते ती कशासाठी, तर केस मदतीला पात्र का अपात्र. सातबारा कोणाच्या नावावर, कर्ज बँकेचं का सावकाराचं. माणूस काहून गेला याच्या खोलात फारसं कोणी जात नाही.

संत्रानगरीवाला:
पात्र-अपात्रचं मामाच्या गावी पाहिलं आहे भाऊ. पण तपासून फिनलंडवाल्यांना सापडलं काय? अन् भूतानचं काय मग, आनंदाच्या बाबतीत त्यांचं तर लय नाव आहे?

वर्धा_रोड:
गेलेल्यांपैकी बहुतेकांना डिप्रेशन होतं अन् धड उपचार फार कमी जणांना मिळाले होते. मग डॉक्टर, शाळा, सैन्य, पेपरवाले सगळ्यांना कामाला लावलं. भूतान शिडीवर थांबत नाही, आनंद मोजायला त्यांचं स्वतःचं माप आहे, ९ क्षेत्रं ३३ निर्देशक, झोप किती होते, शेजाऱ्यावर भरवसा किती, इथपर्यंत विचारतात. तरी पोरं ऑस्ट्रेलियाला चाललीच आहेत म्हणा, नोकऱ्या नाही तर काय करतीन.

धंतोलीची_ताई:
झोपेचं आमच्या पोराला विचारलं पाहिजे होतं. रात्री दोनपर्यंत लॅपटॉप असतो त्याचा.