नॅन्सीची कोलकाता ट्रिप: सोसायटी ग्रुप, वसई

डिमेलो काकू (ए-२०३): नमस्कार मंडळी. आमची नॅन्सी चर्चच्या युथ ग्रुपबरोबर मिशन ट्रिपला कोलकात्याला चाललीये. मदर तेरेसांच्या शिशु भवनात लहान मुलांची सेवा करायची आहे. चांगले जुने कपडे, खेळणी असतील तर आमच्याकडे द्या 🙏

पाटील (बी-४०१): वा नॅन्सी! आमच्याकडे दोन पिशव्या भरून टेडी आहेत.

जोशी काका (सी-१०४): स्तुत्य. रोजचे फोटो टाक हो ग्रुपवर.

ॲड. म्हात्रे (ए-५०१): काका, फोटो नाही. बालन्याय कायदा २०१५, कलम ७४. अशा मुलांची ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध केलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

जोशी काका (सी-१०४): अहो, कौतुकाने म्हटलं.

ॲड. म्हात्रे (ए-५०१): कौतुकाचे पण नाही 🙂

कुलकर्णी (डी-३०२): राग मानू नका, पण मिशन म्हणजे तिथे धर्मप्रचार वगैरे?

लोपीस मावशी (बी-१०२): प्रचाराला वेळ कोणाला आहे बाबा! मी नर्सची नोकरी करत असताना रजा काढून गेले होते. सकाळी सहाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, तीही सक्तीची नाही. आमच्यातला एक जपानी मुलगा थेट नाश्त्यालाच उगवायचा. चहा, पाव, केळं, आणि मग कपडे. लंगोट, चादरी, दुपटी, सगळं हाताने. पिळायचं, गच्चीवर वाळत घालायचं. मग भरवणं, पुसणं, परत कपडे. गुरुवारी सुट्टी, त्या दिवशी पाठ धरून बसायचं.

नॅन्सी: मावशी, मुलांशी खेळायला मिळतं ना पण?

लोपीस मावशी (बी-१०२): मिळतं. पण ऐक. तू गेलीस की दहा मिनिटांत एखादं मूल येऊन गळ्यात पडेल. तुला वाटेल, किती लळा लागला. लळा नाही गं तो. आलं माणूस की बिलगायचं, गेलं की दुसरं शोधायचं, ही त्यांना लागलेली सवय. तिथे कायमच्या बायका असतात, त्यांना मासी म्हणतात. मूल खरं ओळखतं ते मासीला. म्हणून मासी भरवत असेल तर वाटी तिच्याच हातात राहू दे. तू तिची धुणी उरक, म्हणजे तिला बाळाजवळ बसायला वेळ मिळेल. आणि "मी परत येईन हं" असं कोणालाही सांगू नकोस.

सावंत (डी-६०१): अगदी बरोबर. कंबोडियात पर्यटक अनाथाश्रमांत रांगा लावायला लागले आणि आश्रमच वाढले. युनिसेफने पाहिलं तर तिथल्या चारांतल्या साधारण तीन मुलांचे आई किंवा वडील हयात होते! २०११ मध्ये तिथे मोहीमच काढावी लागली, मुलं म्हणजे पर्यटनस्थळ नव्हे म्हणून.

डिमेलो काकू (ए-२०३): नॅन्सी कुठल्या ऐऱ्यागैऱ्या आश्रमात नाही चालली हो.

सावंत (डी-६०१): काकू, तिच्याबद्दल नाही. तुम्ही कुठे जाता तेवढं तपासा, एवढंच.

पाटील (बी-४०१): तिथून मूल दत्तक मिळतं का? आमच्या मेहुण्यांना हवं आहे.

ॲड. म्हात्रे (ए-५०१): नाही. मदर तेरेसांच्या संस्थेने, मिशनरीज ऑफ चॅरिटीने, २०१५ मध्ये दत्तक देणं थांबवलं. मेहुण्यांना 'कारा'च्या, म्हणजे केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाच्या, पोर्टलवर नोंदणी करायला सांगा.

कुलकर्णी (डी-३०२): मला मात्र हावड्यापर्यंतचं तिकीट पटत नाही. आपल्याच जिल्ह्यात जव्हार-मोखाडा आहे. १९९२ मध्ये वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं गेली, तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला होता. तिथली अंगणवाडी दिसत नाही कुणाला?

जोशी काका (सी-१०४): तुम्ही किती वेळा गेलात जव्हारला?

कुलकर्णी (डी-३०२): हा मुद्दा नाही.

लोपीस मावशी (बी-१०२): भांडू नका, कुलकर्णींचं म्हणणं अर्धं खरं आहे. कोलकात्याला नॅन्सी एकदाच जाणार. जव्हारला महिन्यातून एकदा जाता येईल, तेच तोंड मुलांना पुन्हा पुन्हा दिसेल. आधी कोलकाता करून ये, काम काय असतं ते कळेल.

नॅन्सी: चालेल मावशी. पॅक काय करू?

लोपीस मावशी (बी-१०२): नखं कापलेली, केस बांधलेले, कानात लोंबतं काही नको, बाळं ओढतात. सुती कपडे, दोन जोड्या साध्या चपला. सर्दी-खोकला असेल त्या दिवशी बाळांच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. खेळणी नेण्याआधी सिस्टरना विचार, ठेवायची कुठे हा त्यांचा प्रश्न असतो. लसींचं कार्ड घेऊन उद्या घरी ये.

नॅन्सी: साडेसहाला येऊ?

लोपीस मावशी (बी-१०२): सातला. साडेसहाला आमची रोझरीची प्रार्थना असते.