'ॲज फॉर' आणि 'विथ रिगार्ड टू'
'...च्या बाबतीत' अशा अर्थाचे हे दोन्ही इंग्रजी शब्दप्रयोग कुठेही अदलाबदल करून वापरता येतात, असं तुम्ही म्हटलंय. मला ते पटत नाही. एका गोष्टीबद्दल बोलून झालं की दुसरीकडे वळताना 'ॲज फॉर' शोभतं, आपल्या 'राहता राहिला प्रश्न...' सारखं. पत्राची सुरुवातच 'ॲज फॉर युअर लेटर' अशी केली, तर वाचणारा आधीचं वाक्य शोधत बसतो. तिथे 'विथ रिगार्ड टू' हवं. आणि त्यातल्या 'रिगार्ड'ला 'स' लावू नका. 'रिगार्ड्स' म्हणजे पत्राच्या शेवटचा नमस्कार. ('ॲज रिगार्ड्स'मध्ये मात्र तो लागतोच, कारण तिथे ते क्रियापद आहे.)

पण खरी गफलत होते ती नुसत्या 'धिस'मुळे. 'द ट्रेन वॉज लेट अँड द हॉल वॉज लॉक्ड. धिस अपसेट एव्हरीवन.' लोक कशाने वैतागले, गाडीने की कुलपाने? 'धिस डिले' लिहिलं की प्रश्नच मिटतो. त्या एका नामासाठी मी कितीही हट्ट धरेन. 'द फॉर्मर' (दोन्हींपैकी पहिलं), 'द लॅटर' (दुसरं) मी टाळतोच; मुद्दे दोनच असले तरी वाचणाऱ्याला मागे जाऊन क्रम बघावा लागतो.