ओरखडा मारून बघा, मग बोलू

पोलादाच्या गंजरोधक रंगांबद्दल एकांनी लिहिलंय की ग्राफीनमधून (कार्बनचा एका अणूइतका जाड थर) पाणीच काय, हेलियमसुद्धा जात नाही, मग ते इपॉक्सीत (रंगातलं घट्ट होणारं रेझिन, म्हणजे राळ) मिसळलं की गंजाचा प्रश्न मिटला. पहिला भाग बरोबर आहे, पण तो एकसंध, निर्दोष थराबद्दल. रंगात असतात ते सुटे पापुद्रे. ते आडवे नीट पसरले तर पाणी, ऑक्सिजन आणि क्लोराईडला वळसे घेत पोलादापर्यंत जावं लागतं, फायदा एवढाच.

खरी गोम वेगळीच आहे. ग्राफीन वीजवाहक आहे आणि लोखंडाच्या मानाने कॅथोड (न गंजणारं टोक) ठरतं. रंगाला ओरखडा गेला आणि पापुद्रे पोलादाला टेकलेले असले, तर तिथलं उघडं लोखंड अ‍ॅनोड (गंजणारं टोक) होऊन आणखी जोमाने गंजतं. शिवाय साधं ग्राफीन रेझिनमध्ये गुठळ्या धरतं, आणि गुठळी म्हणजे पाण्याला आयती वाट.

म्हणून तर 'सुधारित' ग्राफीन. ग्राफीन ऑक्साईडवर (ऑक्सिजन जोडलेलं ग्राफीन) सिलेन (सिलिकॉनयुक्त) किंवा अमाईन (नायट्रोजनयुक्त) रासायनिक गट बसवले की पापुद्रे सुटे राहतात, इपॉक्सीशी रासायनिक बंध जुळतो, आणि ऑक्साईडची वाहकताही कमी. प्रमाण मात्र वजनाच्या एक टक्क्याच्या आतच बरं. 'जास्त घातलं तर जास्त चांगलं' हा हिशेब इथे चालत नाही.

गंमत म्हणजे झिंक-रिच प्रायमरमध्ये (जस्ताची भुकटी भरपूर असलेला पहिला थर, ज्यात पोलादाऐवजी जस्त गंजतं) हीच वाहकता कामाची: जस्ताचे कण एकमेकांशी आणि पोलादाशी जोडलेले राहतात.

कुणी नमुना दाखवला तर अखंड पट्टी पाहू नका. पोलादापर्यंत चरा मारून ५ टक्के मिठाच्या फवाऱ्यात ठेवा आणि चऱ्याच्या कडेने रंग किती सुटतो ते मोजा.