दुसरा राउंड थेट व्हीपींसोबत आहे, ती लीक टेस्टची चूक सांगू का नको?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे आणि जरा घाईची आहे, शनिवारी ११ वाजता चाकणला माझा दुसरा इंटरव्ह्यू आहे.

मी मूळची संगमनेरची, मेकॅनिकल डिप्लोमा, मग डायरेक्ट सेकंड इयरला बीई, आणि गेली ९ वर्षं भोसरीत ॲल्युमिनियम डाय कास्टिंगच्या एका छोट्या कंपनीत क्वालिटीला आहे. आता जिथून कॉल आलाय ती बरीच मोठी, थेट गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांना माल देणारी, पोस्ट असिस्टंट मॅनेजरची. पहिल्या राउंडला एचआरच्या मॅडम आणि क्वालिटी हेड होते, दीड तास कंट्रोल प्लॅन, पीपॅप, एमएसए, एसपीसी असं क्वालिटीच्या रोजच्या कामातलं सगळं विचारलं, त्यात कुठे अडले नाही. निघताना हेड सर म्हणाले पुढचं व्हीपी ऑपरेशन्स सरांशी बोला, ते टेक्निकल फारसं विचारत नाहीत. तेव्हापासून पोटात गोळा आलाय, टेक्निकल नाही तर मग अर्धा-पाऊण तास विचारणार काय?

एचआरच्या मॅडमनी एवढं सांगितलं की "तुमच्या हातून झालेली मोठी चूक सांगा" हे ते प्रत्येकाला विचारतात. आणि माझ्याकडे एकच मोठी चूक आहे.

२०२२ च्या दिवाळीआधीची गोष्ट, डिस्पॅचची धावपळ होती. लीक टेस्टच्या (पीस गळतो का ते बघणाऱ्या मशीनच्या) फिक्स्चरचं, म्हणजे पीस पकडून ठेवणाऱ्या भागाचं, सील झिजलं होतं त्यामुळे चांगले पीस पण फेल व्हायला लागले, म्हणून सेकंड शिफ्टला मशीनची लीक लिमिट, म्हणजे किती गळती चालेल ती मर्यादा, वाढवून ठेवली, सकाळी सील बदललं पण लिमिट तशीच राहिली. शिफ्ट चालू करताना एनजी मास्टर, म्हणजे मुद्दाम ठेवलेला गळका पीस, लावून बघायचा असतो, मशीनने तो फेल केलाच पाहिजे, तो त्या दिवशी कुणी लावलाच नाही, चेकशीटवर मात्र टिक होती. आणि त्या चेकशीटवर आणि पीडीआय (माल पाठवण्याआधीच्या तपासणीच्या) रिपोर्टवर सही माझी होती. २,४०० च्या लॉटमधले ३८ पीस पोरोसिटीने (कास्टिंगमधल्या बारीक छिद्रांनी) गळत होते, ते कस्टमरच्या असेंब्लीत सापडले. तीन दिवस मी स्वतः तिथे उभी राहून सॉर्टिंग करून घेतलं, ८डी (चूक का झाली आणि काय उपाय केला याचा रिपोर्ट) लिहिला, नंतर लिमिटला पासवर्ड टाकला आणि इंटरलॉक बसवला, एनजी मास्टर फेल झाल्याशिवाय त्या शिफ्टला मशीन चालूच होत नाही. त्यानंतर त्या पार्टला गळतीची एकही कम्प्लेंट नाही.

आमचे हे म्हणतात काहीतरी किरकोळ सांग, ऑफिसातली मैत्रीण म्हणते "मी फार परफेक्शनिस्ट आहे" असं सांगून मोकळी हो. मला ते जमणार नाही, खोटं बोलताना माझा चेहराच सांगतो. पण न बघता सही केली हे क्वालिटीच्या माणसाने कबूल करायचं म्हणजे पायावर धोंडा मारून घेणं नाही का? कुणी अशा मोठ्या माणसांसमोर बसलं असेल तर प्लीज सांगा. शिवाय सर महाराष्ट्राबाहेरचे आहेत, सगळं इंग्लिशमध्ये होणार, माझं इंग्लिश कामापुरतं आहे. पगाराचं त्यांच्यासमोर काढायचं का? नोटीस पिरियड ९० दिवस आहे.

प्रतिसाद

ताई, मी वाळूजहून प्लांट हेड म्हणून रिटायर झालो, त्या खुर्चीवर बसून बरीच माणसं घेतली आहेत म्हणून लिहितो. हीच गोष्ट सांगा. कंट्रोल प्लॅन येतो का हे खालच्यांनी तपासलेलं असतं, मी एवढंच बघायचो की रात्री २ वाजता लाईनवर गडबड झाली तर हा माणूस मला फोन करेल का सकाळपर्यंत झाकून ठेवेल. फक्त सुरुवात सीलपासून करू नका, सहीपासून करा. "मी न बघता सही केली आणि ३८ खराब पीस कस्टमरकडे गेले" हे पहिलं वाक्य. सील, लिमिट हे नंतर, आणि सेकंड शिफ्टच्या ऑपरेटरवर अजिबात ढकलायचं नाही. दोन मिनिटांत संपवा, कस्टमरचं नाव घेऊ नका, आज त्यांचं नाव फोडलंत तर उद्या आमचं फोडाल असं वाटतं समोरच्याला.

त्यावर ते दोन गोष्टी विचारतील बघा. पहिली, कंपनीला कितीला पडलं? सॉर्टिंगची माणसं, गाडीभाडं, बदलून दिलेला माल, कस्टमरने लावलेली डेबिट नोट, हे रुपयांत तोंडावर पाहिजे, पीपीएम (दहा लाखांत किती खराब) सांगून त्या लेव्हलला भागत नाही. दुसरी, हे आधी का नाही दिसलं? तुमचा पीएफएमईए, म्हणजे प्रोसेसमध्ये कुठे काय चुकू शकतं तो तक्ता, काढून बघा, लीक टेस्ट आहे म्हणून डिटेक्शन रेटिंग (चूक पकडली जाईल का याचे मार्क) चांगलं देऊन टाकलं असणार, पण टेस्टच चुकली तर काय हा विचार त्यात नसणार. हे तुम्ही स्वतःहून बोललात तर फार फरक पडतो.

पगार एचआरशीच बोला. ९० दिवस विचारले तर सरळ सांगा, हँडओव्हर करूनच निघणार म्हणा.

प्रतिसाद

वरच्या काकांना +१. कंपनीचा अभ्यास म्हणून वेबसाईटवरचं व्हिजन-मिशन पाठ करू नका ताई. लिस्टेड असेल तर बीएसई-एनएसईच्या साईटवर ॲन्युअल रिपोर्ट आणि कॉनकॉलची (मॅनेजमेंटच्या गुंतवणूकदारांशी झालेल्या फोनवरच्या बोलण्याची) ट्रान्सक्रिप्ट मिळते, नवीन प्लांट, नवीन ऑर्डर, कुठे पैसे अडकलेत सगळं मॅनेजमेंटच्याच तोंडून. लिस्टेड नसेल तरी बँकेचं कर्ज असेल तर बऱ्याचदा क्रिसिल, इक्रा, केअर यांच्यापैकी कुणाचं तरी क्रेडिट रेटिंग असतं, त्याची कारणं त्यांच्या साईटवर फुकट वाचता येतात, विक्री किती, दोन-तीनच कस्टमरवर धंदा आहे का वगैरे. त्यातूनच तुमचा एक प्रश्न निघेल. इंग्लिशचं म्हणाल तर ती दोन मिनिटांची गोष्ट मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका, लहान वाक्यं ठेवा, तुम्हाला विषय येतोय हे लगेच कळतं.

धागाकर्ती

खूप खूप आभार, काल रात्री वाचून डोळ्यांत पाणीच आलं. अकाउंट्सला विचारलं, सगळं मिळून साधारण १ लाख ८० हजार गेले होते, ९ वर्षांत मी असा आकडा कधी विचारलाच नव्हता. काका, पीएफएमईएचं तुम्ही म्हणालात तस्संच निघालं. रेटिंगचा रिपोर्टही सापडला, निम्म्याहून जास्त विक्री दोनच कस्टमरना आहे, म्हणून नवीन कस्टमर आला की त्याच्या ऑडिटची तयारी क्वालिटीकडे किती आधी येते हे विचारणार आहे. गोष्ट इंग्लिशमध्ये सहा वेळा रेकॉर्ड केली, शेवटची २ मिनिटं १० सेकंदांची झाली.

एकच शेवटचं, शॉपफ्लोर बघायला मिळेल का असं व्हीपींना विचारलं तर आगाऊपणा वाटेल का?

प्रतिसाद

विचाराच. आणि बॅगेत सेफ्टी शूज ठेवा, त्यांनी "चला आत्ताच" म्हटलं तर सँडलवर आत सोडणार नाहीत.